गार इंजिन

“इंजिन गरम का आहे?”

दस्तगीर वस्तादांनी इंजिनावर तळहात ठेवला होता, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मानसिंग हातातला पाना पुसत राहिला.

“मी विचारलं, गरम का आहे?”

“सकाळी जरा चालवून बघितलं, वस्ताद.”

“जरा?”

“...रेडिएटरचा पंखा लागेस्तोवर.”

वस्तादांनी हात काढला नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ती पत्र्याची शेड. मधोमध लोखंडी स्टँडवर रेसच्या गाडीचं इंजिन. वर नवाकोरा काळा रंग, आत तोंड दिसावं असा. ते बांधलं होतं मानसिंगच्या थोरल्या भावानं, अभयसिंगनं. अभयसिंग वस्तादांचा पट्टशिष्य. पावसाळा सरता सरता डेंग्यूनं त्याला नेलं. दवाखान्यात शेवटी एवढंच म्हणाला, “मन्या, इंजिन झाकून ठेवू नको. कुणीतरी पळवलं पाहिजे.”

म्हणून विकायचं होतं.

पण मागं एक दलाल येऊन गेला. त्यानं सेल्फ मारला. टक, टक, टक. दलालानं नाक मुरडलं. “खडखडतंय की हे! कारागीर कच्चा होता.”

मानसिंग पाना घेऊन चौकापर्यंत त्याच्या मागं धावला होता. पायात चप्पल नव्हती, तेही त्याला परत आल्यावर कळलं.

मग त्याच्या ध्यानात आलं, इंजिन तापलं की टकटक थांबते. आज बेळगावहून शर्वाणी हळदणकर येणार होत्या, स्वतः रेसमध्ये गाडी हाकणाऱ्या. त्या यायच्या आधीच मानसिंगनं इंजिन तापवून ठेवलं.

“दादाच्या कामाला कुणी नाव ठेवायचं न्हाई,” तो म्हणाला.

“म्हणून दादाचंच तोंड बांधलंस?”

मानसिंगनं मुठी आवळल्या... तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

हळदणकर बाई आल्या त्या थेट इंजिनापाशीच. “करायचं चालू?”

मानसिंगचा हात किल्लीकडं गेला.

“बसा बाई,” वस्ताद म्हणाले. “चहा घ्या.”

“चहा वाटेत झाला.”

“मग आणखी एक घ्या. इंजिन गार व्हायचंय. पोरानं तापवून ठेवलंय.”

बाईंनी मानसिंगकडं बघितलं. मानसिंगनं फरशीकडं. त्याची कानशिलं भट्टीसारखी पेटली. पाना घेऊन कुणाच्या मागं धावावं, तर आता तो स्वतःच उरला होता.

“असं होय?” बाई म्हणाल्या. “मग मी जेवूनच येते.”

“येतील का हो परत?” त्या गेल्यावर मानसिंगनं विचारलं.

वस्ताद चहात बटर बुडवत होते.

“वस्ताद, गिऱ्हाईक घालवलंत तुम्ही!”

“बटर घे.”

मानसिंगनं बशी परत सरकवली.

“घे की. मऊ झालंय.”

ऊन शेडच्या दारातून आत आलं, स्टँडच्या पायाशी पोचलं. वस्ताद मधूनच उठत, इंजिनावर तळहात ठेवत, पुन्हा येऊन बसत.

बाई परत आल्या.

वस्तादांनी शेवटचा हात लावला. “झालं गार,” ते म्हणाले. “मार सेल्फ.”

मानसिंगनं डोळे मिटून किल्ली फिरवली.

टक. टक. टक.

अख्खी शेड तो आवाज ऐकत होती. मानसिंगला वाटलं, दादा उघडा पडला.

बाईंनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला. टोक इंजिनाला, मूठ कानाला. वाकून ऐकत राहिल्या. हळूहळू टकटक विरळ झाली... मग बारीक... मग इंजिन एका सुरात गाऊ लागलं.

त्यांनी मान वर केली. त्या हसत होत्या.

“पिस्टन मुद्दाम सैल बसवलेत. तापून फुगायला जागा ठेवलीय. कोणी बसवलेत?”

“दादानं,” मानसिंग म्हणाला. “थोरल्या भावानं.”

“गार असताना गप्प बसणारं इंजिन एकदा घेतलं होतं मी,” बाई म्हणाल्या. “पहिल्याच रेसमध्ये जाम झालं. हे बोलतंय. हे नेणार मी. पिकअप आणलीय.”

वस्ताद मिशीत हसले. सौदा झाल्यातच जमा होता.

“थांबा,” मानसिंग म्हणाला.

त्यानं चिंधी थिनरमध्ये बुडवली. गिअरबॉक्सचा बोल्ट बसतो त्या कानावरचा रंग खसाखसा पुसला. खालून वेल्डिंगचा वळ वर आला.

हे वस्तादांनाही ठाऊक नव्हतं.

“हितं चीर गेली हुती. दादानंच जोडलंय. वर रंग म्या मारला.”

बाईंनी वळावरून अंगठा फिरवला, एकदा खाली, एकदा वर.

“यानंतर पळवलंय?”

“अख्खा सीझन.”

“आणि?”

“...शेवटची रेस जिंकली.”

बाई सरळ उभ्या राहिल्या. “मग रंग सगळाच काढ. वळ दिसू दे. आणि बांधणाऱ्याचं नाव ठोकून दे त्याच्यावर. माझ्याकडं आलेला माणूस विचारतोच, कोणाच्या हातचं म्हणून.”

मानसिंगनं रंग सगळा उतरवला, मग अक्षरं ठोकायचा पंच घेतला, हातोडी घेतली. शाळेत त्याला कधी एक ओळ सरळ लिहिता आली नव्हती. आज एकेक अक्षर ओळंब्यात उतरलं. अभयसिंग इंगवले. प्रत्येक घाव असा घातला की चौकापर्यंत ऐकू जावा.

“कच्चा म्हणत हुता!” घावाघावाला तो ओरडत होता. “कच्चा! ये म्हणावं आता!”

शेजारच्या शेडमधले लोक बाहेर आले. कुणी टाळी वाजवली, कुणी शिट्टी घातली. इंजिन पिकअपमध्ये चढलं ते मिरवणुकीतल्या पालखीसारखं, दहा हातांनी.

पिकअप वळणाआड गेली.

रिकाम्या स्टँडपाशी मानसिंग धापा टाकत उभा राहिला.

“वस्ताद, ती टकटक चांगली असते, हे आधी का न्हाई सांगितलंसा?”

“विचारलंस कधी? तू तर पाना घेऊन धावलास.”

“अनवाणी,” मानसिंग म्हणाला.

“अनवाणी,” वस्ताद म्हणाले.

मानसिंगला हसू फुटलं. हसता हसता तो खाली बसला, आणि त्याच हसण्यातून रडू आलं. अभयसिंग गेल्यापासून पहिल्यांदा. स्मशानातसुद्धा तो नुसता लाकडं रचणाऱ्यांशी भांडला होता.

वस्तादांनी त्याला गप्प केलं नाही. पाणी दिलं नाही. शेजारी बसून राहिले.

ऊन दारातून बाहेर गेलं तेव्हा त्यांनी तळहात मानसिंगच्या छातीवर ठेवला. तसाच... बराच वेळ.

“झालं गार,” ते म्हणाले. “मार सेल्फ.”