गुडघाभर वादळ

झाडं शेळ्यांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. खाडीकाठी पवळी नावाची शेळी आपल्या करडासोबत राहायची. मागच्या वादळात पाणी तिच्या गोठ्यात शिरलं आणि भिंतीवर चिखलाची रेघ सोडून गेलं. रेघ पवळीच्या गुडघ्याशी यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवून पवळी म्हणायची, "वादळ म्हणजे एवढंच. गुडघाभर."

मग खाडीत उतरून ती तिथल्या तिवराच्या झाडांचे कोवळे कोंब खायची.

"पवळे," एक म्हातारं तिवर म्हणालं, "ती रेघ उमटली तेव्हा पाणी अडवायला आम्ही शंभरजण होतो. आता वीस उरलोय. नवं कुणी तू वाढू दिलंस कुठे?"

"असेल," पवळी चघळत म्हणाली. "पण रेघ तर गुडघ्याशीच आहे."

पुढच्या वादळात पाणी तिच्या हनुवटीला लागलं. करडाला पाठीवर घेऊन, गव्हाणीवर पुढचे पाय टेकून ती कशीबशी उभी राहिली.

पाणी ओसरल्यावर ती तिवराकडे गेली. चिखलात चार कोंब तग धरून होते. त्यांच्याकडे न बघता तिने विचारलं, "पाणी पुन्हा गुडघ्याशी थांबायला किती तिवरं लागतील?"

"ते तुझ्या दुपारच्या जेवणावर आहे," तिवर म्हणालं.