वीतभर ताण्याची कहाणी

ऐका मागदेवी, तुमची कहाणी. अगं, पोरं गप्प करा जरा!

आटपाट म्हणून एक नगर, तिथं घरोघर माग. शेजारच्या राजाशी लढाई लागली, ती काही संपेना. राजा सीमेवर गेला, कोष्टीही भाले घेऊन गेले. राणी नगर राखायला राहिली. तिनं शिपाई धाडले. आधी कापड नेलं, तंबूंना. मग सूत नेलं, दोरांना. मग तिसऱ्यांदा आले, म्हणाले, "मागावरचे उभे दोरे, ताणाही कापून द्या, जखमा बांधायच्या आहेत."

आता कोष्ट्यांचा वसा असा, की माग रिकामा करू नये. वीतभर ताणा मागाच्या फणीत ओवलेला राखावा, नवा ताणा त्याच्याच टोकांना गाठावा. पण बाया भ्याल्या. "लढाई संपली की बघू" म्हणाल्या, अन् कापून दिलं. एकटी ठकू कोष्टीण उंबऱ्यात आडवी झाली. "दांडीवरचं लुगडं न्या. ही वीत माझ्या धन्यानं ठेवलीय, ती मिळायची नाही." शिपायांनी लुगडं नेलं.

मग काय? माग थांबले, रंगारी बसला, तेली बसला. बाजारात कुत्री लोळू लागली. लोक गाठोडी बांधून वेशीकडे निघाले. राणी आडवी आली, "लढाई संपू द्या, मग बाजार भरवू." लोक म्हणाले, "तोवर खायचं काय, बाईसाहेब?" इतक्यात मागाची खटखट ऐकू आली. ठकू जुन्या चिंध्यांचे दोरे उसवून, गाठून विणत होती.

राणी तिच्या दारी गेली. "बाई बाई, मला तुझा वसा सांग."

"सांगेन, पण टाकशील."

"टाकणार नाही."

"मग आधी महालातल्या गाद्या फाड. कापूस आण."

राणीनं गाद्या फाडल्या. बायांनी सूत कातलं, घरोघर फण्या पुन्हा ओवल्या. राणीही मांडी घालून ओवायला बसली. माग चालले, रंगारी उठला, तेली उठला. शत्रूचे स्वार चोरवाटेनं आले, बाजार जाळून गेले, यांनी पुन्हा मांडला. पुन्हा जाळला, पुन्हा मांडला. तिसऱ्यांदा जाळला, तर तेलीण राखेवरच पाट टाकून बसली, "घ्या गं तेल!" काय छाती बाईची!

तिकडे राजाला कुणी सांगितलं, नगर ओस पडलं. त्याचा धीर सुटला. तलवार ठेवणार, तोच नगरातून चादरींची गाडी आली. राजानं चादर उचलली, तर हात लाल झाला. रंग अजून ओला होता. "अरे, नगर जितं आहे!" राजा ओरडला. ठकूच्या धन्यानं चादरीची कड चाचपली. आपण ठेवलेल्या वितीचा दोरा ओळखला, त्याला मारलेली ठकूची गाठ ओळखली. डोळे पुसले, भाला उचलला.

लढाई अजून चालू आहे. बाजार आजही भरला आहे.

जशी ठकूची वीत राहिली, तशी तुमची आमची राहो. लांबलचक ताण्याची कहाणी वीतभर बोलांत सुफळ संपूर्ण.