रंगाऱ्याची पाणपोई

खूप जुन्या काळातली गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नदीचं नाव विचाराल तर मलाही सांगता यायचं नाही. त्या नदीकाठी एक रंगारी राहत होता. त्याच्या डाळिंबी रंगाला साऱ्या राज्यात तोड नव्हती. लग्न राजवाड्यातलं असो की झोपडीतलं, नवरीचं लुगडं त्याच्याच कारखान्यातून रंगून येई.

रंगारी मोठा दिलदार. देवळाला कळस दे, अडल्या घरी धान्य पाठव, असं त्याचं सतत चालू असे. लोक तोंडभरून त्याचं नाव घेत आणि ते ऐकायला त्याला फार आवडे. कुणाला नाही आवडत, सांगा बरं?

एका उन्हाळ्यात त्याच्या कानावर आलं, की नदीच्या खालच्या अंगाच्या गावात पाण्याचे फार हाल आहेत. त्याला मनापासून वाईट वाटलं. त्यानं लगेच त्या गावाच्या वेशीपाशी पाणपोई बांधायला घेतली. पाणी रोज बैलगाडीनं जायचं होतं आणि ते भरायचं होतं कारखान्याच्या वरच्या अंगाला, जिथे नदी नितळ होती. खालचं का भरायचं नाही, हा प्रश्न काही त्याला पडला नाही. भल्या माणसालाही अडचणीचे प्रश्न जरा उशिराच पडतात.

पाणपोई उभी राहिली. रंगारी नवं पागोटं बांधून गेला. सारं गाव जमलं, बायकांनी त्याला ओवाळलं. त्या गावची एक रीत तो ऐकून होता. गावात नवं काही सुरू करणाऱ्यानं आधी तिथल्या नदीचं ओंजळभर पाणी प्यायचं. ते प्यायला, की तो गावचा माणूस झाला.

"नदीचं पाणी आणा. आधी मी पितो, मग पाणपोई सुरू करू," तो हौसेनं म्हणाला.

कुणी हललं नाही. शेवटी गावातली सगळ्यांत वडीलधारी म्हातारी पुढे झाली.

"नको बाबा. ती रीत आम्ही कवाच सोडली. अन् आता राखून तरी काय करायचं? पावसाच्या आत गावच उठणार हाय."

"गाव उठणार? अहो आजी, मी पाणी देतोय ना?"

"देतोस, तुझं भलं होऊ दे. आमच्या पिण्यापुरतं झालं. पण गुरांनी काय प्यावं? भाजीच्या वाफ्याला काय द्यावं?"

रंगाऱ्याला हे पटेना. तो स्वतःच काठावर गेला, आरतीच्या ताटातली वाटी नदीत बुडवली आणि तोंडाशी नेली. तिथेच त्याचा हात थांबला. वाटीत फिकट तांबूस पाणी होतं. दुसरा कुणी त्याला गढूळ म्हणाला असता, रंगारी कसा म्हणेल? तो त्याचाच डाळिंबी रंग होता. कढईतलं उरलेलं पाणी नदीत सोडायची त्याच्याकडे वडिलांपासूनची पद्धत होती, आणि ते पुढे कुठे जातं याची चौकशी कुणीच केली नव्हती.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मग मला बोलला का नाहीत?"

म्हातारी ओशाळली. "आमच्यासाठी पाणपोई बांधणाऱ्याला असं कसं बोलायचं, बाबा?"

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. आपल्या दानानं या लोकांची तोंडं बंद झाली, याची त्याला भयंकर लाज वाटली. "पाऊस पडेपर्यंत थांबा," एवढंच हात जोडून म्हणून तो घरी आला आणि त्यानं भट्ट्या विझवल्या.

थोरला मुलगा हवालदिल झाला. "बाबा, दसऱ्याचा माल कसा पुरा करायचा? गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल."

"जाईल ते जाऊ दे. जेवढं पाणी गाळून सोडता येईल, तेवढंच कापड यापुढे रंगवायचं."

कारखान्यामागच्या बागेत हौद खणले. त्यांत वाळू आणि कोळसा भरला. पहिल्यांदा ते जमलं नाही, हौद पुन्हा उपसावे लागले. त्या वर्षी निम्मंच कापड रंगलं. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली आणि ती परत आली नाहीत, हेही खरं आहे.

इकडे म्हातारीनं दारोदार जाऊन लोकांना थोपवून धरलं. हळूहळू पाणी निवळलं, गुरं काठावर उतरू लागली. गावानं बांधलेली गाठोडी सोडली.

पुढे काही वर्षांनी रंगारी त्याच गावावरून चालला होता. एका वाटसरूनं नदीवर भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं, "इथं पाण्याची सोय कुणी केली हो?"

"सोय कसली? नदी हाय की," ती म्हणाली आणि पुन्हा भांडी घासू लागली.

रंगाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. त्याला क्षणभर लागलं. मग मात्र आजवरच्या कुठल्याही कौतुकानं वाटलं नव्हतं एवढं समाधान त्याला वाटलं, आणि तो हसत पुढच्या वाटेला लागला.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या धंद्यानं दुसऱ्याचं होणारं नुकसान आधी थांबवावं, दानधर्म त्यानंतर करावा.