देवकाताईची बाज

घाटातल्या रस्त्याला डांबर लागायच्या किती तरी आधीची ही गोष्ट. आता तुम्ही मोटारीत बसता, आणि मानी नदीवरचा पूल कधी आला नि कधी गेला ते तुम्हाला कळतसुद्धा नाही. तेव्हा पूल नव्हता. नदीच्या अलीकडे डोंगरात चाळीस पाडे, आणि दवाखाना नदीच्या पलीकडे, बेलठाणला. उन्हाळ्यात ती नदी कोंबडीसुद्धा चालत ओलांडायची. पावसाळ्यात मात्र ती कुणाच्या बापाला ऐकत नव्हती. त्या चाळीस पाड्यांतल्या खिरपाड्यावर देवका गावित नावाची एक बाई राहत होती.

तिचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गुजरातेत कामाला गेला आणि तिकडचाच झाला. देवकानं त्याची वाट बघितली, मग बघायची सोडली, आणि बेलठाणच्या दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली राहून मलमपट्टी शिकून आली. आल्यावर तिनं एक बाज केली. सागाचे पाय, सागाच्या पाट्या, आणि अंबाडीचा दोर तिनं स्वतः वळून विणलेला. ती बाज तिनं पाड्याबाहेरच्या उंबराखाली ठेवली. कुणाला साप चावला, कुणाची बाई अडली, की माणूस बाजेवर घालायचं, बाजेला दोन बांबू बांधायचे, चौघांनी ते खांद्यावर घ्यायचे आणि बेलठाणची वाट धरायची. देवका सगळ्यांच्या पुढं. ती पुढं निघाली की वाटेतले काटे आपोआप बाजूला व्हायचे, असं म्हणतात. काटे कशाला होतील बाजूला? तीच कोयत्यानं तोडत जायची. पण म्हणतात.

आता फुकटची बाज उंबराच्या सावलीत दिसली की लोकांना नको ते सुचतंच. पोरं तिच्यावर उड्या मारायची. ताडी प्यालेले तिच्यावर लवंडायचे. एकदा लहानू भोयेच्या म्हाताऱ्या बापाला साप चावला, माणसं बाज आणायला धावली, तर तिच्यावर एक बहाद्दर घोरत पडलेला आणि खालचा दोर तुटून लोंबत असलेला. दोर आवळून होईपर्यंत म्हातारा गेला. देवका त्या दिवशी अशी चिडली की विचारू नका. उंबराखाली उभी राहून सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आजपासून कान उघडे ठेवून ऐका. धडधाकट माणसानं या बाजेला हात लावला, तर ही बाज त्याला ओळखून ठेवते. पुढची पाळी त्याची.”

रागाच्या भरात बोलली बिचारी, मनचंच बोलली. पण शब्द पाड्यापाड्यांवर गेला आणि जाईल तिथं घट्ट बसला. त्या दिवसापासून बाजेला कुणी शिवेना. बाज नेणारे चौघेसुद्धा बांबूच धरायचे, बाजेच्या लाकडाला बोट लागू द्यायचे नाहीत. माणसाला बाजेवर निजवायचं, बांबू बांधायचे, पलीकडे गेल्यावर सोडायचे, घरी आणून बाज धुवायची, सगळं देवकानं एकटीनं करायचं.

आणि इथंच ती फसली. बाजेला शिवणारी ती एकटी, म्हणून लोक हळूहळू तिलाही बाजेसारखंच वागवायला लागले. वाईट वागवलं असं नाही हं. तिला कुणी कधी उलटून बोललं नाही, नवी नागली निघाली की पहिली टोपली तिच्या दारात यायची. पण घरात आजारपण नसताना ती कुणाच्या अंगणात शिरली, की आया लेकरांना आत घ्यायच्या आणि दारातूनच सांगायच्या, “ताई, आमच्याकडं सगळं बरं आहे.” तापाला तिला बोलवायचे, बाळंतपणाला बोलवायचे. हळदीला कुणी बोलवायचं नाही. चाळीस पाड्यांवर मांडव पडायचे, संबळ वाजायची, आणि देवका आपल्या ओट्यावर बसून ऐकायची. जी पोरगी जन्मली तेव्हा पहिल्यांदा देवकाच्या हातात आली, तिची वरातसुद्धा देवकाचं दार टाळून शेताच्या बांधावरून जायची. तिला फार वाईट वाटायचं. का नाही वाटणार? पण नियम तिनंच घातलेला, आणि त्या नियमामुळं बाज वेळेला जागेवर सापडत होती. तेव्हा बोलणार काय?

मग एका श्रावणात लहानू भोयेची बायको मैना अडली. बाज नदीपर्यंत गेली आणि काठावर थांबली. नदी दोन्ही तीर भरून चाललेली. दोन दिवस बाज काठावर होती. देवका मैनाच्या डोक्यावर घोंगडी धरून दोन दिवस बसून राहिली. पलीकडे दवाखान्याचं कौलारू छप्पर दिसत होतं, इतकं जवळ. मैना ते छप्पर बघत बघत गेली.

देवकानं पुलासाठी अर्ज केले. तालुक्याला गेली, जिल्ह्याला गेली. जिथं जाईल तिथं एकच उत्तर, तुमच्या आमदारांना सांगा. आमदार तर नदीच्या अलीकडे कधी आलेच नव्हते. तेव्हा देवका खिरपाड्याच्या शाळेवरच्या दामू गुरुजींकडे गेली आणि म्हणाली, “गुरुजी, आमदार व्हायला काय लागतं?”

गुरुजींनी तिचा फॉर्म भरला. धंदा या रकान्यात त्यांनी ‘समाजसेविका’ लिहिलं. देवकानं विचारलं, हे काय असतं? गुरुजी म्हणाले, “तुम्ही करता ना, ते.” मग निवडणुकीच्या साहेबांनी चिन्हांचा कागद पुढं केला. छत्री होती, शिडी होती, कपबशी होती. आणि एका कोपऱ्यात बाज होती. कागदावर तिला खाट म्हटलं होतं, पण बाजच ती. देवकाचा चेहरा फुलला. गुरुजी म्हणाले, ताई, छत्री घ्या, छत्री सगळ्यांना ठाऊक असते.

“छत्रीनं कुणाला नदीपल्याड नेलंय का, गुरुजी?” देवका म्हणाली, आणि तिनं बाजेवर बोट ठेवलं. त्या घटकेला आपणच घातलेला नियम तिला आठवला नाही. बाजेला हात लावायला ती एकटीच कधी भ्याली नव्हती, मग आठवणार कुठून?

ती एकटी प्रचाराला निघाली. खांद्यावर पिशवी, पिशवीत बाजेचं चित्र छापलेले कागद. एका दिवसात ती सात पाडे चालायची, आणि सातही पाड्यांवर एकाच वेळी दिसायची, असं म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा ती लोकांच्या दारात आजारपण नसताना गेली, आणि लोकांनी तिला ओट्यावर बसवलं, भाकरी वाढली. म्हातारे डोळे पुसून म्हणाले, “ताई, तुम्हीच.” देवकाला भरून आलं. पण ते कागद लोक कडेला धरून घ्यायचे. चित्रावर बोट पडू नये म्हणून घडी घालायचे आणि वर कुडात खोचून ठेवायचे. एकाही दारावर तो कागद चिकटवलेला दिसला नाही. देवकाला वाटलं, लाजतात बिचारे.

मतदानाच्या दिवशी चाळीस पाडे रिकामे झाले. लोक ठेवणीतली लुगडी नेसून, धुतलेली टोपी घालून, रांगेनं शाळेत आले. त्या वेळी कागदावर शिक्का मारायचा असायचा. एकेक माणूस आडोशाला जायचं आणि बाहेर यायला इतका वेळ लावायचं की साहेब वैतागले. देवका लांब उंबराखाली उभी होती. जो तो बाहेर येऊन तिला लांबूनच हात जोडत होता. पुलावरून बाज जातेय, ती आपण डोळ्यांनी बघतोय, असं तिला तेव्हा वाटलं. इतकी खुशी तिला त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही.

तालुक्याला पेट्या फुटल्या. डोंगरातल्या पाड्यांच्या पेट्या उघडल्या तेव्हा देवका आणि दामू गुरुजी समोरच बसले होते. साहेबांनी पहिली चिठ्ठी उघडली, कोरी. दुसरी, कोरी. तिसरी, कोरी. त्यांनी पेटी उलटी करून झटकली. शेकड्यांनी चिठ्ठ्या, व्यवस्थित चार घड्या घातलेल्या, हाताच्या घामानं ओल्या झालेल्या आणि कोऱ्या. कुणाही दुसऱ्या उमेदवाराला एक शिक्का नाही. बाजेवर शिक्का असलेली एकच चिठ्ठी निघाली. ती देवकाची स्वतःची. जुने आमदार पुन्हा निवडून आले. जेवढ्या मतांनी आले त्याच्या दुप्पट चिठ्ठ्या कोऱ्या होत्या.

देवका चालत परत आली. नदीकाठी लहानू भोये तिची वाट बघत उभा होता. तिनं एवढंच विचारलं, “तूसुद्धा, लहानू?”

लहानू मान खाली घालून म्हणाला, “ताई, बाजेवर शिक्का मारायचा म्हणजे हातच लावायचा की. तुम्हीच सांगितलं होतं, ओळखून ठेवते म्हणून. दुसऱ्या कुणाला तर मत द्यायचं नव्हतं. घरात लेकरं आहेत, ताई. हात पुढंच जाईना.”

देवका काठावर बसली. जिथं मैनाची बाज टेकली होती तिथंच. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. आपल्याला या खोऱ्यात एकही माणूस नाही, आणि असं आपणच करून ठेवलंय, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती परत पाड्यांवर फिरली. दारोदार सांगितलं, “मी ते रागानं बोलले होते. खोटं होतं ते. मी रोज हात लावते, मला काय झालं?” लोक ऐकून घ्यायचे, माना डोलवायचे. एक म्हातारी म्हणाली, “तुमची गोष्ट निराळी, ताई. आमच्यासाठी तुम्ही काहीही बोलाल. पण आम्ही एवढे नादान नाय.” खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, आणि खरं सांगायला गेली तर एकाही माणसाला पटेना. असं असतं बघा.

त्यानंतर चार पावसाळे देवका बाज नेत राहिली. पाचव्या पावसाळ्यात तिलाच ताप भरला. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. कुणी आजारी पडलं की देवकाला सांगायचं, ही खोऱ्याची रीत. देवकाच पडली, तर सांगायचं कुणी आणि कुणाला? नागलीचे दिवस सोडले तर आजारपण नसताना तिच्या दारात कुणी जात नव्हतं, आणि तिचं आजारपण कुणाला ठाऊक नव्हतं. तीन दिवस ती घरात एकटी पडून होती. चौथ्या दिवशी सकाळी काठी टेकत टेकत उंबराखाली गेली आणि आपल्याच बाजेवर जाऊन निजली.

लहानू बैल घेऊन निघाला होता, त्यानं तिला पाहिलं. त्यानं हाक दिली. पाड्याची माणसं धावत आली आणि बाजेभोवती गोल उभी राहिली. बांबू आणले. पण बांबू बांधायचे कुणी? बांधायचे तर बाजेला हात लावावा लागणार, आणि ते काम आजवर देवकाचं. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. देवकाचे डोळे उघडे होते. तिनं कुणाकडं काही मागितलंच नव्हतं कधी, मतं सोडून.

लहानूनं पागोटं काढून खाली ठेवलं. “ओळखायची तर ओळखू दे मला,” तो म्हणाला, आणि त्यानं बाजेच्या पाटीवर आपला पंजा ठेवला. सगळा पंजा.

मग ती नादान नसलेली म्हातारी पुढं आली आणि तिनं हात लावला. मग दामू गुरुजींनी. मग कुणाचा हात कुठं आहे ते कळेना, इतके हात लागले. बांबू तिथंच पडून राहिले. बाज हातांवरच निघाली. वाटेत पाड्यापाड्यांवरून माणसं येत गेली, आणि ज्याला हात लावायला जागा मिळाली नाही तो पुढच्याच्या पाठीला हात लावून चालला.

नदी भरलेली होती. माणसं हातात हात अडकवून या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यात उभी राहिली, आणि बाज त्यांच्या डोक्यावरून, या हातातून त्या हातात गेली. पाणी छातीपर्यंत होतं ते गुडघ्यापर्यंत उतरलं आणि बाज पार होईपर्यंत तिथंच थांबलं, असं म्हणतात. बाजेच्या दोराला पाण्याचा थेंब लागला नाही, असंही म्हणतात. देवका निजल्या निजल्या कडेच्या पाटीवरची बोटं बघत होती. पलीकडच्या काठाला बाज टेकली तेव्हा ती लहानूला म्हणाली, “आता लावलात होय रे हात.”

ती त्या काठावरच गेली, असं काही जण म्हणतात. भोयांच्या घरात सांगतात, दवाखान्यात आठ दिवस जगली, आणि आठही दिवस तिच्या खाटेशी माणसांना बसायला जागा पुरली नाही. मला भोयांचं खरं वाटतं. खरं असावं असं वाटतं म्हणा. बाजेला हात लावलेल्यांपैकी त्या वर्षी एकाला साधी शिंकसुद्धा आली नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

पूल पुढं पुष्कळ वर्षांनी झाला. त्याच्यावरच्या पाटीवर नाव दुसऱ्याच माणसाचं आहे. असू दे. मतदान आलं की खिरपाड्याची माणसं ती बाज उंबराखालून काढून शाळेच्या दारात ठेवतात. दर खेपेला कुणी तरी नवे साहेब येतात आणि म्हणतात, हे चिन्ह आहे, हे इथं चालणार नाही, लांब न्या. मग लोक ती उचलून लांब, बांधापलीकडे नेतात. प्रत्येक माणूस आधी तिथं जातो, बाजेच्या पाटीवर पंजा टेकवतो, आणि मग आत जाऊन मत देतो. ज्याला द्यायचं त्याला देतो. पण चिठ्ठ्या होत्या तोवर त्या पेटीतून कोरी चिठ्ठी पुन्हा कधी निघाली नाही.

आणि चाळीस पाड्यांवर कुठंही लग्न निघालं, की घरातली मोठी बाई हळदीची वाटी घेऊन उंबराखाली जाते. नवरीच्या आधी बाजेच्या चारही पायांना हळद लावते आणि म्हणते, “देवकाताई, हळदीला या बरं का. सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगायला आले.” मग घरी येऊन मांडवात एक पाट रिकामा ठेवते.