सांजाईचे प्राण

“मग किती द्यायला हवे होते, सर? हजार? पाच हजार?”

गुजर सर पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होते. वाईच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. पण पायरीवर बसलेला पुष्कर टिपणीस त्यांच्याकडून चित्र काढायला शिकला नव्हता. तो खेळ चालवायला शिकला होता.

खेळ फाशांचा, पण सोंगट्यांचा नव्हे. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वैदू. गोष्ट अडली की फासे टाकायचे. प्रत्येकाला प्राणांचे पॉइंट असतात. घाव बसला की ते कमी होतात. संपले की तो मेला.

“आधी मेलं कोण ते सांग,” सर म्हणाले.

“देवी मेली.”

सरांचा हात थांबला.

“कुठली?”

“सांजाई. माझ्या खेळातली. मीच रचलेली.”

पुष्कर आता पुण्यात स्वतःचा खेळ चालवत असे. त्याने स्वतःचं नियमांचं पुस्तक लिहिलं होतं. ते छापायला जायचं होतं, आणि त्यातल्या देवांच्या प्रकरणाचा त्याला फार अभिमान होता.

“प्रत्येक देवाचे आकडे काढलेत मी, सर. शक्ती, वेग, कवच. कशाने दुप्पट जखम होते तेसुद्धा. असं आपल्याकडे कोणी केलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

“बरं... मग?”

“सांजाईला आठशे प्राण दिले होते. माझ्या जगात तेवढे कोणालाच नाहीत. पण उजेडाने तिला दुप्पट जखम होते असं लिहिलं होतं. संध्याकाळची देवी ना ती. ते पान मी पोरांना दाखवलं.”

“का दाखवलंस?”

“चांगलं जमलं होतं, म्हणून.”

सर हसले. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं.

“मग त्यांनी हिशेब मांडला,” पुष्कर म्हणाला. “मशाली किती, घाव किती. देवीला मारलं तर लेव्हल किती वाढेल. आणि तिघं थेट गाभाऱ्यात शिरले. मी काय करणार? नियमाप्रमाणेच चाललं होतं सगळं.”

“तिघं. तुझ्याकडे चौघं खेळतात ना?”

“चौथी केतकी.”

“ती काय झाली होती गोष्टीत?”

“त्याच देवळातली गुरवीण.”

सरांनी सोललेला वाल परातीत टाकला नाही. हातातच ठेवला.

केतकी पुष्करच्या ऑफिसातली. वडील गेल्यापासून ती ऑफिसात कामापुरतंच बोलायची. रविवारी खेळायला बसली की मात्र तिचं तोंड उघडायचं. सगळे मोहिमेवर निघाले की ती त्यांना थांबवायची. म्हणायची, “थांबा रे, देवीला सांगून येते.” आणि मग देवीला सगळं सांगायची. कुठे चाललोय, परत कधी येणार, कोणाचा पाय दुखतोय... बाकीचे वैतागायचे. पुष्कर देवीच्या आवाजात फक्त “बरं” म्हणायचा. तेवढ्यानं तिचं भागायचं.

“गाभाऱ्यात काय केलं तिने?”

“तिचा डाव आला. मी विचारलं, काय करतेस? ती काही बोलेना. मी म्हटलं, लवकर सांग, मारतेस की वाचवतेस? तर म्हणाली, माझा डाव जाऊ दे.”

“आणि?”

“पुढच्या घावाला देवी पडली. पोरं ओरडायला लागली आनंदाने. केतकीने आपले फासे पिशवीत भरले, येते म्हणाली, आणि गेली. नंतर आलीच नाही. ऑफिसात दिसली की वाट बदलते. फोन उचलत नाही.”

“आणि बाकीचे तिघं?”

पुष्करने मान खाली घातली.

“तेही येत नाहीत. एकजण म्हणाला, आता मारायला उरलंय काय?”

समोरच्या भिंतीवर एक खार येऊन बसली. सरांनी तिच्याकडे एक दाणा टाकला. ती दचकून पळाली.

“आठशे कमी पडले, सर,” पुष्कर म्हणाला. “चूक तिथेच आहे. आकडा मोठा हवा होता. असा, की कोणी हिशेबच मांडू नये. तुमच्या खेळातला धुकोबा देव बघा ना. इतकी वर्षं खेळलो आम्ही इथे, त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. त्याचे प्राण तुम्ही कधी सांगितले नाहीत.”

“कोणी विचारलंच नाही.”

“आता विचारतो. किती होते?”

सरांनी एक बोट वर केलं.

“एक लाख?”

सरांनी नाही म्हणून मान हलवली.

“हजार? फक्त हजार?”

बोट तसंच वर होतं.

“...एक?”

“एक.”

पुष्कर उठून उभा राहिला.

“चेष्टा करू नका, सर.”

“चेष्टा कशाला करू? पहिल्या दिवसापासून एक. कावळ्याने टोच मारली असती तरी गेला असता.”

धुकोबा हा सरांच्या खेळातल्या घाटातला देव. धुक्यात बसलेला म्हातारा. त्याने कधी चमत्कार केला नाही. घाट चढून कोणी वर आलं की खोकायचा आणि विचारायचा, “जेवलात का?” बस, एवढंच. एकदा त्याला न्यायला घोडेस्वार आले. तेव्हा पुष्करचा भालेकरी खिंडीत आडवा उभा राहिला होता. छातीत बाण घेऊनही बाजूला झाला नव्हता. भालेकरी मेला तेव्हा कॉलेजात जाणारा पुष्कर याच पडवीत ढसाढसा रडला होता. सरांनी त्याला कोकम सरबत करून दिलं होतं.

“तुम्हीच म्हणाला होतात,” पुष्करचा आवाज चढला, “धुकोबाला कोणी मारू शकत नाही!”

“मी नाही. तू म्हणाला होतास. खिंडीत उभा राहून. मी ऐकून घेतलं.”

“म्हणजे मी एका पॉइंटच्या देवासाठी मेलो?”

“मेलास खरा,” सर म्हणाले. “फार छान मेलास. मला अजून आठवतं.”

पुष्करला आधी राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही गेलं आणि तो पुन्हा पायरीवर बसला. सरांच्या बाजूची एक शेंग उचलून सोलायला लागला. त्याला ती नीट सोलता येईना.

त्याने ती तशीच बाजूला ठेवली.

“मी तिला घाई केली, सर.”

“हं.”

“मारतेस की वाचवतेस... असं विचारलं मी तिला. सगळ्यांसमोर. देवीला वाचवायला तिच्या हातात काही नव्हतंच. मीच ते पान सगळ्यांना दाखवलं होतं.”

सरांनी खिशातून आपला जुना फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“माझ्यावरून लाव. नंबर ओळखीचा नाही, उचलेल.”

पुष्करने फोन लावला. तिकडून “हॅलो, कोण?” आलं.

“केतकी, मी पुष्कर. ठेवू नकोस. वाईहून बोलतोय, माझ्या सरांच्या फोनवरून. माझं चुकलं. तुझ्या देवीचा हिशेब मी त्यांच्या हातात द्यायला नको होता. आणि तुला तशी घाई करायला नको होती... मला वाटायचं, तू नुसती वेळ घालवतेस. पण आपल्या सगळ्यांत खरं खेळत होतीस ती तूच.”

तिने फोन ठेवला की काय म्हणून त्याने कानापासून दूर धरून पाहिलं. चालू होता.

“बाबांना मी रोज असंच सांगायचे,” केतकी म्हणाली. “कुठे चाललेय, कधी येईन. तेही नुसतं बरं म्हणायचे.”

पुष्करने फोन कानाशी घट्ट धरला.

“पुष्कर, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“सांजाई खरंच मेली का? की तू काहीतरी करून परत आणणार आहेस?”

पुष्करने फोनवर तळहात दाबला. त्याचे डोळे भरून आले होते.

“सर, ती विचारतेय, देवी खरंच मेली का. काय सांगू? परत आणू? माझ्या पुस्तकात तसा नियम आहे. नसला तरी घालीन. आजच घालीन.”

“नियम घालू नकोस.”

“मग?”

सरांनी परात बाजूला सरकवली. भिंतीला हात टेकून ते सावकाश उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मेली म्हणून सांग. खोटं बोलू नकोस... आणि विचार त्या गुरविणीला, सांज व्हायला आलीय, देवळात दिवा कोण लावतंय?”