दहा हजार सात दगड

राजा रणधीराने शेजारच्या राज्याशी हट्टाने युद्ध मांडलं. त्याचे दहा हजार सात सैनिक मेले, तो मात्र सुखरूप परतला. टेकडीवर प्रत्येकाच्या नावाचा दगड उभारायचं काम चांगुणा पाथरवटणीकडे आलं. तिचा मुलगाही त्या मेलेल्यांत होता.

राजा म्हणाला, “दगड कवायतीसारखे उभे राहायला हवेत. अनेक ओळी, आणि प्रत्येक ओळीत सारखेच दगड. चुकलीस तर हात तोडीन.”

चांगुणाने तीन दिवस खडे मांडले. दोनाने भागून पाहिलं, तिनाने पाहिलं, पार शंभरापर्यंत गेली. दर वेळी बाकी उरायचीच. शंभराहून जास्त ओळी केल्या, तर प्रत्येकीत शंभराहून कमी दगड आले असते, आणि ते सगळे आकडे तर तिने पाहिलेच होते.

“महाराज, या संख्येला कशानेच भाग जात नाही,” तिने दरबारात सांगितलं.

“मग सात नावं गाळ. शंभराच्या शंभर ओळी होतील.”

“कोणत्या सात आयांना सांगू, की तुमचं पोर मेलंच नाही? त्यापेक्षा एक दगड वाढवू. एकशे एकोणचाळीस दगडांच्या बरोबर बहात्तर ओळी होतात.”

“आणि त्या दगडावर नाव कोणाचं?”

“जो या सगळ्यांना घेऊन गेला आणि त्यांना तिथेच सोडून आला, त्याचं.”

राजाचा हात तलवारीवर गेला आणि तिथेच थांबला. खाली बघत तो म्हणाला, “ओळी नकोत. रणात ते जसे विखरून पडले, तसेच दगड उभे कर.”