कुणी न पाडलेली लादी

“पडली नाही, तर फुटली कशी?”

नाईकनवरे साहेबांनी लादीचे दोन तुकडे दगडूचाचांपुढे आपटले. भट्टीला आतून बसवायची लादी, मातीत आगीत न जळणारे धागे घालून भाजलेली. चाचांचा जन्म गेला त्या कामात. साहेब कारखान्यात नवे, त्यांच्या हाताखाली शिकायला आलेले. सहा महिन्यांत शिकून झालंसुद्धा त्यांचं.

“या सगुणाबाईनं पाडली. हजेरीतून नाव काढलंय मी तिचं.”

सगुणा भिंतीशी उभी होती.

“फळीवर होती, चाचा. कुणी शिवलंसुद्धा नाही. आपली आपण टचकन वाजली. आणि यांनी मला सगळ्या बायांसमोर आंधळी म्हटलं.”

“आपली आपण.” साहेब हसले. “भूत आलं असेल.”

चाचा हसले नाहीत.

“भट्टीचं दार लवकर कुणी उघडायला लावलं?”

“मी. ट्रक उभा होता दारात. आणि बाहेर काढल्यावर लादी तासाभरात गार झाली. मी स्वतः हात लावून बघितली.”

“हात लावून...”

चाचांनी तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“आगीत माती आणि धागा एकमेकांना धरतात, साहेब. निवताना माती जास्त आखडते, धागा कमी. पण सुटता येत नाही. मग आतल्या आत ओढत बसतात. सावकाश निवू दिलं, तर थोडी सैल पडतात. तुम्ही कुठं निवू दिलं?”

“म्हणजे चूक माझी?”

चाचांनी त्याच खेपेतली दुसरी, धड लादी उचलली. साहेबांच्या दोन्ही तळहातांवर ठेवली.

“छातीशी धरा.”

साहेबांनी हात होते तेवढे लांब केले. तोंड फिरवलं.

“का हो? गार तर आहे.”



सगळ्या बाया बघत होत्या. एकीनंही तोंडाला पदर लावला नाही. उघड हसल्या.

साहेबांनी लादी अलगद खाली ठेवली, कपाळ पुसलं.

“बरं बाई, नाव परत घालतो तुझं. मिटलं.”

सगुणा हात बांधून तशीच उभी.

“बघा चाचा, गप्प झाली. राग गेला तिचा.”

चाचांनी फुटके तुकडे गोळा केले, साहेबांच्या हातात दिले.

“गार आहे ती. निवलेली नाही.”